एल्ब्रिज गेरी यांच्यावरचे सहा फलक : कामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

काम असं : अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी गावच्या वाचनालयात सहा फलकांचं मराठी प्रदर्शन. विषय एल्ब्रिज गेरी. मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल, नंतर अमेरिकेचे पाचवे उपराष्ट्राध्यक्ष. मतदारसंघांच्या सोयीस्कर आखणीला जेरीमँडरिंग म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. इथल्या मुलांना हा शब्द शाळेतून माहीत असतो, पण त्यामागचा माणूस चाळीस वर्षं सार्वजनिक कामात होता हे बहुतेकांच्या गावीही नसतं. मला ही चाळीस वर्षं दाखवायची आहेत, आणि त्या आखणीचा १८१२ चा नकाशाही झाकायचा नाही.

वाचनालयाने भिंत दिली आहे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यासाठी. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध जिथे सुरू झालं त्या लेक्सिंग्टन-काँकर्डच्या लढाईला यंदा २५० वर्षं होतात, गावोगावी कार्यक्रम आहेत, म्हणून ही तारीख. फलक २४ बाय ३६ इंचांचे, फोमबोर्डवर. छपाई प्रत्येकी साधारण ४२ डॉलर. पालकांच्या वर्गणीतून ३०० मिळाले आहेत, म्हणजे एकापेक्षा जास्त फलक पुन्हा छापायची वेळ आली तर खिशातून.

२५ जानेवारी

कालपट्टीपासून सुरुवात. एकाच आडव्या रेषेवर सगळं मांडायचा बेत पहिल्याच बैठकीत बारगळला. राज्याचं पद आणि राष्ट्राचं पद एकमेकांवर चढायला लागलं, कारण गेरी सतत दोन्हीकडे जाऊन-येऊन आहेत. १७७२ मध्ये आपल्या मार्बलहेड गावातून राज्याच्या विधिमंडळावर. १७७६ ते १७८० आणि १७८३ ते १७८५ कॉन्टिनेन्टल काँग्रेसमध्ये, म्हणजे राज्यांच्या तेव्हाच्या संयुक्त सभेत. १७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना घडवणारी फिलाडेल्फियाची परिषद. १७८९ ते १७९३ नव्या अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात. १७९७-९८ मध्ये फ्रान्सला वाटाघाटींसाठी. १८१० ते १८१२ राज्यपाल. मार्च १८१३ पासून मृत्यूपर्यंत उपराष्ट्राध्यक्ष.

आता दोन पट्ट्या केल्या : वर राज्य, खाली राष्ट्र. जमलं.

पराभवांना जागाच नव्हती, ती मुद्दाम केली. १७८८ मध्ये राज्यपालपदासाठी जॉन हँकॉककडून हरले. १८०० ते १८०३ सलग चार वर्षं केलेब स्ट्राँगकडून. १८१२ मध्ये पुन्हा स्ट्राँगकडूनच. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा राज्यपाल दरवर्षी निवडला जाई, त्यामुळे हरलेला माणूस पुढच्या एप्रिलमध्ये परत उभा राही. पराभवासाठी पोकळ वर्तुळ, विजयासाठी भरीव. १८१० मध्ये ख्रिस्तोफर गोरला हरवलं तिथे पहिलं भरीव वर्तुळ येतं, आणि त्याआधीची पोकळ रांग बघितली की या माणसाचा चिवटपणा न सांगता कळतो. कुणी अशी पट्टी करत असेल तर पराभव गाळू नका.

९ फेब्रुवारी

दुसरा फलक, १७७४ ते १७७६. मजकूर लिहून झाला, पण चित्राने घोळ घातला.

आधी चांगलं ते सांगते. जानेवारी १७७४ मध्ये मार्बलहेडजवळच्या बेटावरचं देवीच्या रोगाचं रुग्णालय जमावाने जाळलं. गेरी त्याच्या मालकांपैकी एक. देवी टोचल्याने गावात साथ पसरेल या भीतीने लोक पेटले होते. गेरी वैतागून सार्वजनिक कामातून बाजूला झाले. पण त्याच वर्षी ब्रिटिशांनी बोस्टनचं बंदर बंद केलं, माल मार्बलहेडला उतरू लागला, आणि तो बोस्टनला पोचवण्याच्या व्यवस्थेत ते परत आले. घरचा धंदा सुक्या कॉड माशांच्या निर्यातीचा, जहाजं आणि गोदामं यांची खडान्खडा माहिती. पुढे युद्धासाठी दारूगोळा आणि सामान जमवण्याच्या समितीवर त्यांना घेतलं ते याच बळावर.

लेक्सिंग्टनच्या लढाईच्या आदल्या रात्री, १८ एप्रिल १७७५ ला, ते मेनोटोमीच्या खाणावळीत, आजच्या आर्लिंग्टनमध्ये, मुक्कामाला होते. सोबत मार्बलहेडचेच एझर ऑर्न आणि जेरेमाया ली. ब्रिटिश शिपाई दाराशी आल्यावर तिघे रात्रीच्या कपड्यांतच मागच्या शेतात जाऊन पडून राहिले. एप्रिलची इथली रात्र म्हणजे हाडं गोठवणारी. ली तापाने आजारी पडले आणि १० मे रोजी वारले. हा प्रसंग फलकावर मोठ्या अक्षरांत घेतला आहे.

घोळ असा : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या होतानाचं प्रसिद्ध प्रकारचं चित्र, तारीख ४ जुलै १७७६, असं डिझाइनमध्ये बसवलं होतं. गेरींच्या बाबतीत ते चालत नाही. त्यांनी स्वातंत्र्याला पाठिंबा दिला, पण जुलैच्या मध्यात ते फिलाडेल्फियाहून निघाले. २१ जुलैला वाटेतून आपले सहप्रतिनिधी सॅम्युअल आणि जॉन अ‍ॅडम्स यांना पत्र लिहून विनवलं, की सह्या व्हायच्या असतील तर माझ्या वतीने तुम्हीच करा. तशी परवानगी नव्हती. परत गेल्यावर त्यांनी स्वतः सही केली. चित्र काढून टाकलं आणि पत्राचा आशय घातला. एक संध्याकाळ गेली, पण फलक सुधारला.

१५ फेब्रुवारी

नकाशाचं काम. पाचव्या फलकावर राज्याच्या सिनेटसाठी १८१२ मध्ये आखलेला एसेक्स काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) तो मतदारसंघ, पण आजच्या मोजणीच्या नकाशावर. मुलांना स्वतःचं गाव त्यात सापडायला हवं.

पहिली पद्धत : २६ मार्च १८१२ च्या 'बोस्टन गॅझेट'मधलं या मतदारसंघाचं व्यंगचित्र स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं, गावांच्या ठिकाणी खुणा जुळवायच्या आणि वरून गिरवायचं. जुळत नाही. सॉल्सबरी जुळवावं तर लिन सरकतं, लिन जुळवावं तर हेव्हरिल. ते चित्र राक्षस दिसावा म्हणून काढलेलं आहे. पंख, नख्या, जबडा वरून चिकटवलेले. त्याच्यावर बेतलेली हद्द खरी मानता येत नाही. सगळा शनिवार पाण्यात.

२३ फेब्रुवारी

दुसरी पद्धत, आणि हीच धरा. राज्य सरकारच्या मॅसजीआयएस या नकाशांच्या संकेतस्थळावर आजच्या गावांच्या हद्दी फुकट मिळतात. १८१२ च्या त्या मतदारसंघात ही गावं होती : सॉल्सबरी, एम्सबरी, हेव्हरिल, मेथ्यूएन, अँडोव्हर, मिडल्टन, डॅनव्हर्स, लिनफील्ड, लिन, सेलम, मार्बलहेड आणि चेल्सी. त्यांच्या कमानीच्या आत न्यूबरी, न्यूबरीपोर्ट, इप्सविच, ग्लॉस्टर, बेव्हर्ली, टॉप्सफील्ड वगैरे उरलेली गावं. चेल्सी तर एसेक्समधलं नव्हतंच, सफोक काउंटीतलं. एरवी सिनेटचे मतदारसंघ काउंटीच्या हद्दी पाळत.

अडचण अशी की दोनशे वर्षांत गावं फुटली आहेत. जोडाजोड करावी लागली :

लॉरेन्स १८४७ मध्ये मेथ्यूएन आणि अँडोव्हरमधून निघालं. नॉर्थ अँडोव्हर आणि अँडोव्हर १८५५ मध्ये वेगळी झाली. आजचं पीबडी त्याच वर्षी डॅनव्हर्समधून. मेरिमॅक १८७६ मध्ये एम्सबरीतून. सॉगस १८१५, स्वॅम्पस्कॉट १८५२, नाहंट १८५३, तिन्ही लिनमधून. रिव्हिअर आणि विन्थ्रॉप मूळचे चेल्सीचे भाग. ही सगळी आपापल्या जुन्या गावात विलीन केली.

इथे वेळ वाचवणारी गोष्ट : आतल्या हद्दींचा काथ्याकूट करू नका. लॉरेन्समधला कोणता तुकडा मेथ्यूएनचा आणि कोणता अँडोव्हरचा हे शोधायची गरज नाही, कारण दोन्ही त्याच मतदारसंघात होती. फक्त बाहेरच्या कडेला लागणारे बदल बघायचे.

आणि तिथे नेमकं हेव्हरिल अडलं. आजचं हेव्हरिल मेरिमॅक नदीच्या दोन्ही काठांवर आहे, पण दक्षिण काठ म्हणजे ब्रॅडफर्ड, जे १८९७ पर्यंत स्वतंत्र गाव होतं आणि १८१२ मध्ये या मतदारसंघाबाहेर होतं. आजची हद्द तशीच उचलली की कमान आतून फुगते आणि आकार मवाळ दिसतो. नदीच्या मध्यातून रेघ ओढून हेव्हरिल कापलं, दक्षिणेचा तुकडा बाहेर काढला. लोकलच्या रुळांवर आजही ब्रॅडफर्ड आणि हेव्हरिल अशी दोन वेगळी स्टेशनं नदीच्या दोन काठांना आहेत. रेघ बरोबर पडली का ते तपासायला हीच खूण वापरली.

१ मार्च

गावं एकत्र केल्यावर कडांना केसाएवढ्या फटी राहिल्या. फिक्स जॉमेट्रीज (हद्दींतले दोष दुरुस्त करणारं साधन) चालवून मग डिझॉल्व्ह केलं, म्हणजे आतल्या हद्दी पुसून एकच आकार केला, तरी लिनजवळ उरल्या. पाच मीटरचा बफर बाहेर, म्हणजे कड तेवढी फुगवली, मग तेवढाच आत. गेल्या. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) मॅसॅच्युसेट्स स्टेट प्लेनचं ठेवा, नाहीतर मीटरचा हिशेब चुकतो.

८ मार्च

नकाशावर लोकसंख्या रंगवायची असं ठरलं होतं. कुठल्या सिनेटरमागे किती माणसं, म्हणजे अन्याय उघड दिसेल. आकडे जमवायला बसले आणि राज्याची १७८० ची घटना उघडून वाचली. ती वाचल्यावर बेत सोडला. मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटच्या जागा लोकसंख्येवर वाटल्याच जात नव्हत्या, एखादा जिल्हा राज्य सरकारला कर किती भरतो त्यावर वाटल्या जात. मतदानालाही मालमत्तेची अट होती आणि मत फक्त पुरुषांना. आजच्या 'एक व्यक्ती, एक मत' या मापाने तो नकाशा रंगवला असता तर मुलांना भलतंच शिकवलं असतं.

त्याऐवजी राज्यभरचा निकाल घातला. एप्रिल १८१२ मध्ये गेरींच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाला सिनेटसाठी ५०,१६४ मतं, विरोधी फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६. जागा चाळीस. पहिल्यांना २९, दुसऱ्यांना ११. चाळीस चौकोन काढले, दोन रंगांत. वर मतांच्या दोन पट्ट्या, जवळजवळ सारख्या लांबीच्या. याखाली एकही वाक्य लिहिलं नाही, लिहायची गरज नाही.

आणखी एक खबरदारी : राज्यभराचा नकाशा काढायचा असेल तर मेन विसरू नका. १८२० पर्यंत मेन मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं आणि तिथलेही सिनेटर या चाळिसांत आहेत.

१६ मार्च

तिसरा फलक, फिलाडेल्फिया १७८७. सगळ्यात जास्त वेळ यावर गेला आणि जायलाच हवा होता.

परिषदेतले एक प्रतिनिधी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांवरून काम केलं. गेरी त्या परिषदेत खूप बोलले, आणि त्यांचं बोलणं एका साच्यात बसत नाही. ३१ मे रोजी म्हणाले की आपण भोगतो ती संकटं लोकशाहीच्या अतिरेकातून आली आहेत. जुलैमध्ये लहान-मोठ्या राज्यांचा तिढा सोडवायला प्रत्येक राज्यातला एकेक सदस्य घेऊन समिती नेमली, तिचे अध्यक्ष गेरी. सिनेटमध्ये सर्व राज्यांना सारख्या जागा आणि प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे, ही तडजोड त्या समितीतून पुढे आली. १२ सप्टेंबरला जॉर्ज मेसन यांनी नागरिकांच्या हक्कांची सनद हवी असं म्हटलं. गेरींनी त्यासाठी समिती नेमण्याचा ठराव मांडला, मेसन यांनी अनुमोदन दिलं. एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. १७ सप्टेंबरला वॉशिंग्टन, फ्रँकलिन यांच्यासमोर सही करायला नकार देणारे तिघे होते : मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि गेरी.

पहिल्या मसुद्यात नुसता नकार घातला होता, हक्कांच्या सनदेचा शूर कैवारी म्हणून. ते छान दिसत होतं, पण अपुरं होतं. ११ जूनचं त्यांचं बोलणंही टिपणांत आहे. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांना धरायचं का, या वादात त्यांनी विचारलं की दक्षिणेत मालमत्ता समजल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांना मोजायचं तर उत्तरेतल्या गुराघोड्यांना का नाही. दक्षिणेला फुकटच्या जागा मिळू नयेत हा मुद्दा रास्त, पण ज्या भाषेत मांडला ती माणसांना जनावरांच्या रांगेत बसवणारी. शाळेतल्या ताई म्हणाल्या, "हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर ठेवायचं का?" मी ठेवायचं म्हटलं. कुणाला मोजायचं आणि कसं, हाच तर सहाही फलकांचा प्रश्न आहे. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि होकार दिला. छोट्या चौकटीत, तारखेसह घातलं.

२२ मार्च

मार्बलहेडला जाऊन आले. गेरींचा जन्म १७ जुलै १७४४ चा, वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या घरात. ते आज कुणाचं तरी राहतं घर आहे. बाहेरून बघावं, फोटो रस्त्यावरूनच काढावा. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी बंदराजवळ ठेवून चालत जाणं बरं. जुन्या घरांच्या दारांशेजारी पांढऱ्या पाट्या आहेत, पहिल्या मालकाचं नाव, धंदा आणि वर्ष : कुणी मच्छीमार, कुणी खलाशी. जेरेमाया ली यांचा वाडा जवळच, तो संग्रहालय आहे. बंदर, व्यापाऱ्यांची मोठी घरं आणि त्यांच्यामागे मच्छीमारांची बुटकी घरं हे सगळं पाच मिनिटांच्या चालीत येतं. देवीचं रुग्णालय जाळणारे लोक आणि त्याचे मालक एकमेकांच्या किती जवळ राहत होते, हे इथे उभं राहिल्यावर समजलं. दुसऱ्या फलकात त्याप्रमाणे एक परिच्छेद बदलला.

३० मार्च

पाचव्या फलकाचा मजकूर. गेरींनी मतदारसंघ नव्याने आखणारा तो कायदा ११ फेब्रुवारी १८१२ ला सही करून मंजूर केला. त्यांच्या जावयाने पुढे दोन खंडांत चरित्र लिहिलं, त्यात म्हटलं आहे की हे विधेयक त्यांना मनातून पटलं नव्हतं. खरंही असेल. आधीच्या मसुद्यात ही बाजू सगळ्यात वर गेली होती आणि वाचणाऱ्याला वाटत होतं की बिचाऱ्यावर आळ आला. ते खाली नेलं.

कारण सरळ आहे. राज्यपालाला विधेयक परत पाठवण्याचा अधिकार १७८० च्या घटनेने दिला होता. ज्याने १७८७ मध्ये वॉशिंग्टनसमोर सही नाकारली, त्याला नाही म्हणता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. १८११ च्या दुसऱ्या कारकिर्दीत ते आधीसारखे सबुरीने वागणारे उरले नव्हते. फेडरलिस्ट लोकांना पदांवरून हटवून आपली माणसं बसवली, विरोधी वृत्तपत्रांवर बदनामीबद्दल आगपाखड केली. ब्रिटनशी युद्ध तोंडावर होतं आणि विरोधक देशाचा घात करतात अशी त्यांची खात्री झाली होती. अशी खात्री झालेला भला माणूस काय काय करून बसतो, ते या फलकावर दिसलं पाहिजे. म्हणून तिसरा आणि पाचवा फलक भिंतीवर समोरासमोर येतील असे लावायचे : एकावर नाकारलेली सही, एकावर केलेली.

५ एप्रिल

छपाई. दुकानातून आलेले पहिले दोन फलक वाया. जोडाक्षरं फुटलेली, 'राष्ट्र'चे तुकडे, वेलांट्या एक घर पुढे. आमच्या पीडीएफमध्ये सगळं नीट दिसत होतं, त्यांच्या यंत्राने फॉन्ट बदलला. ८४ डॉलर गेले. उपाय : मुक्त फॉन्ट वापरला तरी पाठवण्याआधी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्रात, रूपांतर करा. फाइल जड होते, पण अक्षर हलत नाही. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण पाथ झाल्यावर एक काना बदलायचा तरी सगळं पुन्हा करावं लागतं. आणि आधी साध्या कागदावर एक नमुना मागा.

१२ एप्रिल

चौथा आणि सहावा फलक छापून आले, अक्षरं शाबूत.

चौथा फ्रान्सचा, आटोपशीर ठेवला. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेरां यांच्या दलालांनी लाच मागितली, गेरींसोबतचे पिंकनी आणि मार्शल निघून गेले, गेरी युद्ध टळावं म्हणून पॅरिसमध्ये थांबले आणि मायदेशी शिव्या खाल्ल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा मात्र त्यांच्यावरचा विश्वास टिकला.

सहावा उपराष्ट्राध्यक्षपदाचा. एप्रिल १८१२ मध्ये राज्यपालपद गेलं, त्याच महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटन वारले. पक्षाने जॉन लँगडन यांना विचारलं, त्यांनी वयामुळे नाही म्हटलं, मग गेरी. ज्या मॅडिसनच्या घटनेवर सही केली नव्हती, त्याच मॅडिसनचे ते सहकारी झाले. शपथ ४ मार्च १८१३ ला केंब्रिजच्या घरीच घेतली. ते घर, एल्मवुड, आज हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांचं निवासस्थान आहे. २३ नोव्हेंबर १८१४ ला सिनेटकडे निघालेले असताना वॉशिंग्टनमध्ये मृत्यू, वय ७०. ऑगस्टमध्येच ब्रिटिशांनी कॅपिटॉल जाळलं होतं, सिनेट उसन्या इमारतीत भरत होतं. भावासाठी दिलेल्या जामिनामुळे घर कर्जात. उरलेल्या मुदतीचा पगार विधवा पत्नीला द्यावा असं विधेयक सिनेटने मंजूर केलं, प्रतिनिधिगृहाने नाही. हा तपशील शेवटी कुठेतरी बारीक अक्षरांत होता, तो वर आणला. ज्या माणसाने धंदा सोडून हयात राजकारणात घालवली, त्याच्या बायकोच्या हाती काय उरलं, हे त्याच्या कारकिर्दीचाच भाग आहे.

१९ एप्रिल

फलक लागले. वाचनालयाने खिळे ठोकू दिले नाहीत, चिकटपट्टीच्या हुकांवर चार फलक राहिले, दोन दुपारपर्यंत घसरले. फोमबोर्डला मागून पातळ लाकडी पट्टी लावली, मग टिकले. फोमबोर्ड टांगणार असाल तर ही पट्टी आधीच लावून न्या.

मुलांची गर्दी नकाशापाशीच होती, तीही आपलं गाव आत की बाहेर ते बघायला. अँडोव्हरच्या एका मुलाने विचारलं, "आमचं गाव आत घेतलं तेव्हा कुणी विचारलं होतं का आम्हाला?" ताईंनी त्याला चाळीस चौकोनांसमोर नेलं. आईवडील जास्त वेळ तिसऱ्या फलकाशी थांबले. ११ जूनच्या चौकटीवर दोन आज्या आणि एक काका तावातावाने बोलत होते, मी मध्ये पडले नाही.

बाकी राहिलेलं : कमानीच्या आतल्या गावांची नावं नकाशावर फार लहान पडली, ती १८ पॉइंटला न्यायची. कालपट्टीवर १८०४ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत निर्वाचक होते ते राहून गेलं. नकाशाची फाइल, जोडलेल्या गावांच्या यादीसह, शाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहे. पुढची मराठी शाळा मे महिन्यात फलक मागते आहे. त्यांना पट्ट्या आणि हुक सोबत द्यायचे.